श्वास टाकणारा मासा

परवा सकाळी पाटकरांनी सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो टाकला आणि माझं डोकं सणकलं. निळंशार पाणी, त्यातून कमान करून उसळलेला, दात दाखवून हसणारा डॉल्फिन आणि खाली लाल अक्षरांत, 'चला डॉल्फिन बघायला! थंडी स्पेशल! नावं लवकर द्या!' त्याच्याखाली अंगठेच अंगठे. आता मला सांगा, हे निळं पाणी कुठलं? आपल्या रायगडचा समुद्र चहात दूध जरा जास्त पडावं तशा रंगाचा. त्यातला डॉल्फिन करडा, पाठीवर उंचवटा असलेला, आपल्या कामात गर्क. तो कोणाच्या हौसेसाठी उड्या मारत नाही. पाठीचा एक तुकडा दाखवतो, फार कृपा झाली तर शेपटी दाखवतो आणि जातो. पण दरवर्षी हाच फोटो, आणि दरवर्षी 'सर, नक्की दिसणार ना?' असं विचारणारा कोणीतरी नवा भाडेकरू.

पनवेलजवळच्या आमच्या करंजाड्यात थंडी अशी ग्रुपवरून जाहीर होते. तशी ती त्याआधीच आलेली असते. मागच्या मोकळ्या प्लॉटवर कोणीतरी मडकं उलटं घालून पोपटी लावतं, वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा धुरकट वास चौथ्या मजल्यापर्यंत चढतो. सकाळी खिडकी उघडावी तर डोंगर गायब आणि डंपरची धूळ हजर. हल्ली डोक्यावरून विमानंही जातात. आमचे हे गॅलरीत चहाचा कप घेऊन उभे राहतात आणि 'हे गेलं दिल्लीला' म्हणून सांगतात. ते खरोखर कुठे गेलं ते त्या पायलटलाच ठाऊक. ह्यांना सगळ्यात रस असतो आणि कशाचाच त्रास होत नाही. मला त्याचाही त्रास होतो.

तर तो फोटो आला की मला तीन वर्षांपूर्वीची थंडी आठवते. त्या एका थंडीत मी तीनदा डॉल्फिन बघायला गेले. माझ्यासारखी बाई, जिला बागेत पिकनिकला नेलं तरी डोकेदुखीची गोळी लागते, ती तीन वेळा पाटकरांच्या बसमध्ये बसली. ते चांगुणामावशीसाठी.

चांगुणामावशी म्हणजे माझी मासेवाली. जुन्या पनवेलच्या बाजारात तिची जागा ठरलेली, आणि त्याच गल्लीच्या तोंडाशी दातांचा एक दवाखाना, जिथे मी पस्तीस वर्षं बाहेरच्या टेबलावर बसून नंबर लावले. माझं कामच मुळी 'शांत बसा, तुमचा नंबर आला की सांगते' हे होतं. दिवसातून शंभरदा म्हणत असेन. मी लग्न होऊन नवीन आले होते तेव्हा मावशी एकदा दाढ दुखते म्हणून आली होती. डॉक्टर म्हणाले 'आ करा', आणि तिनं जे तोंड मिटलं ते पाऊण तास उघडलंच नाही. शेवटी मी आत जाऊन ओरडले तेव्हा कुठे उघडलं. त्या दिवसापासून ती मला 'बाय' म्हणते आणि बोंबील निवडून देते. ओरडण्यावरून जमलेली मैत्री आहे आमची.

त्या वर्षी दिवाळी नुकतीच झाली होती. मावशी माझ्यासाठी कोलंबी सोलत होती आणि मी नेहमीप्रमाणे पाटकरांच्या नावानं बोटं मोडत होते. ही माणसं, म्हटलं, एवढा खटाटोप करून समुद्रावर जाणार आणि तिथेही गाणी लावून नाचणार, मग डॉल्फिन काय ह्यांची वरात बघायला येणार आहे? मावशीचे हात थांबले. पस्तीस वर्षांत गिऱ्हाईक समोर असताना तिचे हात थांबलेले मी पाहिले नव्हते.

"डॉल्फिन म्हंजे गादाच ना गो बाय?"

"हो, तुमच्याकडे गादा म्हणतात तोच."

"त्यो श्वास टाकतो का?"

मी म्हटलं, टाकतो की. तो मासा नाहीच मुळी, हवेतच श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो, शाळेच्या पुस्तकात आहे. तिनं मान हलवली. पुस्तकाशी तिला काही देणंघेणं नव्हतं हे दिसतच होतं. मग तिनं कोलंबी सोलता सोलता सांगितलं ते असं.

तिचा नवरा, धामामामा, उरणच्या बाजूच्या एका बोटीवर खलाशी होता. एकदा भर समुद्रात इंजिन बंद पडलं, बाकीचे इंजिनाच्या मागे लागले आणि हा एकटा बोटीच्या कडेला बसून राहिला. तेव्हा एक गादा पिल्लाला घेऊन हाताच्या अंतरावर आला आणि त्यानं माणसासारखा श्वास टाकला. चांगला मोठ्यानं, दिवसभर राबून घरी आलेला माणूस उंबऱ्यावर बसताना टाकतो तसा. मामानं घरी येऊन हे सांगितलं. मावशी हसली. मामा पुन्हापुन्हा सांगायचा आणि ती पुन्हापुन्हा हसायची.

"मी चालीस वर्सं मासली फोडते बाय. पापलेट बगितला, घोल बगितला, मुशी बगितली. परत्येकाचं पोट या हातांनी उगडलंय. श्वास टाकायचं काय बी नाय मासल्याच्या पोटात. मी त्याला बोल्ले, मना शिकवतोस?"

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण भाच्याच्या हळदीत, सगळी भावकी जमलेली असताना, मामा रंगात येऊन ते सांगायला लागला आणि मावशी सगळ्यांच्या पुढ्यात म्हणाली, खोटारडा हाय यो. सगळे हसले. मामाही हसला म्हणे. पण त्यानंतर त्यानं गाद्याचं नाव काढलं नाही. आठ वर्षं काढलं नाही. मग गेलाच.

"मना त्याचा शबूद बगायचाय," मावशी म्हणाली. "खरा का खोटा."

मी तिला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्यात डॉल्फिन पाण्यावर येऊन फुस्सकन श्वास टाकतो, आवाजासकट. तिनं पाहिला आणि मोबाईल परत दिला. "मोबाईलमदी मान्सं उडतात बी," म्हणाली. वर हेही म्हणाली की तिचे गुडघे गेलेत, पुढच्या थंडीत तिला होडीवर चढवायला चार माणसं लागतील, तेव्हा काय ते याच वर्षी. ती जन्मात कधी समुद्रावर गेली नव्हती. त्यांच्या घरात बायका मासळीच्या बोटीवर पाय ठेवत नाहीत. समुद्रानं दिलेलं आयुष्यभर विकलं, समुद्र मात्र धक्क्यावरूनच पाहिला. मी म्हटलं, मावशी, तुला मी नेते. एवढी माझी फुशारकी.

पहिल्या वेळची गोष्ट सांगायची तर माझा रक्तदाब आत्ता वाढेल. सकाळी सहाची बस पावणेसातला निघाली. ठीक आहे. पण निघून दहा मिनिटं होतात न होतात तोच पळस्पे फाट्यावर थांबली. का? तर नाश्ता! अहो, माणसं घरून निघालीत, अजून नीट बसलीसुद्धा नाहीत, ह्यांना पळस्प्याला कसली भूक? पाऊण तास मिसळ, मग कोणाला तरी बाथरूम, मग त्याची बायको, मग पाटकरांची शिट्टी. हो, पाटकर शिट्टी घेऊन येतात. ते एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि तिथे त्यांचं कोणी ऐकत नव्हतं, असा माझा अंदाज आहे. मावशी खिडकीशी बसली होती, नऊवारी नेसून, डोक्यात अबोलीचा गजरा. लग्नाला निघाल्यासारखी नटली होती. मी विचारलं तर म्हणाली, पैल्यांदा चाललेय ना त्याच्या घरी, दर्यावर.

अलिबागच्या पुढच्या त्या छोट्या बंदरावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. होडी चालवणारा तांडेल साठीचा, काळासावळा, कमी बोलणारा. मी त्याच्याशी आधीच फोनवर भांडून होडीच्या तोंडाशी असलेली पुढची जागा आमच्यासाठी धरून ठेवली होती. सगळ्यांना तीच हवी असते, समोरचं सगळं तिथून दिसतं. बी विंगमधली सावंतकाकू तिथे पर्स टाकून बसायला निघाली होती, तिला मी उठवलं. दोन वाक्यं जरा जास्त बोलले. आणि मावशीला हाक मारली, ये गं, पुढे ये.

मावशीनं धक्क्यावर चपला काढल्या. होडीत उतरली, पाटकरांनीच हात दिला हे कबूल करायला हवं. मग वाकून होडीच्या तोंडाला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि वळून सरळ मागे निघाली. पार मागे, इंजिनाच्या धुरात, तांडेलाच्या पायाशी जाऊन बसली.

"मावशी, अगं, पुढची जागा धरलीये!"

"तितं पाय ठेवतात व्हय? तितं पूजा व्हते होरीची."

तांडेलानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण त्यानं मावशीखाली आपला टॉवेल घडी करून घातला. आणि मी? मी इतकं भांडून मिळवलेल्या त्या पूजेच्या जागी सावंतकाकू बूट घालून बसली आणि फोटो काढू लागली. मी वैतागून मध्येच कुठेतरी बसले. मला मावशीचाही राग आला होता, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी डॉल्फिन दिसला नाही. कसा दिसेल? निघाल्यापासून स्पीकर चालू. समुद्रावर जाऊन लग्नाच्या वरातीतली गाणी! कुरव पक्षी होडीच्या मागे लागले, पांढरेशुभ्र, डोक्यावर थंडीतला तो एक काळा ठिपका घेऊन, इतक्या लांबून उडत आलेले पाहुणे. आणि आमच्या लोकांनी त्यांच्यावर गाठी-शेव उधळायला सुरुवात केली. पक्षी झेप घेऊन टिपतात म्हणून टाळ्या. मी म्हटलं, अहो, त्यांच्या पोटाला ते बाधतं, समुद्र भरलेला आहे त्यांच्यासाठी मासळीनं. तर एक जण म्हणाला, मॅडम, थोडा एन्जॉय करा ना. मला हे वाक्य ऐकलं की त्या माणसाच्या सगळ्या दाढा एकदम काढाव्याशा वाटतात. मावशी मात्र त्या पक्ष्यांकडे बघत होती. परतताना म्हणाली, यांचं बी नाव घ्यायचा म्हातारा. हे तरी खरं निगालं.

दुसऱ्या वेळी गादे दिसले. तेच वाईट झालं. जानेवारीचा पहिला आठवडा असेल. लांबवर तीन पाठी वर आल्या, एकामागून एक, सावकाश. क्षणभर मलाही भरून आलं. आणि मग जो कल्ला उठला! सगळे उजव्या बाजूला धावले, होडी कलली, तांडेल ओरडला, पाटकरांनी शिट्टी फुंकली. कोणी म्हणालं जवळ घ्या, कोणी म्हणालं पाठलाग करा, पैसे दिलेत आम्ही. तांडेलाचा नाइलाज झाला आणि त्यानं इंजिन वाढवलं. ते गेले. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये नुसतं पाणी आणि एकमेकांची डोकी आली. मी मागे जाऊन मावशीला विचारलं, ऐकू आलं का काही?

"मशीन आयकलं," ती म्हणाली. मग पदर सावरून, "मासलाच असंल बाय. म्हातारा बोलत व्हता झालं."

ती हे वाक्य म्हणाली तेव्हा तिच्या तोंडावर जे दिसलं, ते मला बघवलं नाही. तिला ते खोटं ठरायला नको होतं. इतकी वर्षं तिनंच त्याला खोटं ठरवलं होतं आणि आता तिला आपणच हरलेलं हवं होतं. त्या दिवशी घरी परतण्याच्या वाटेवर मी ठरवलं की तिसऱ्यांदा यायचं, आणि या लोकांना गप्प बसवायचं. काहीही करून.

इथे मला माझी अक्कल पाजळायची खोड नडली. पस्तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, माणसाला गप्प करायचं तर चिक्कीसारखं दुसरं काही नाही. समजावून सांगा, विनंती करा, पाटी लावा, उपयोग शून्य. पण दाढेत गुळाची चिक्की अडकली की भला भला वक्ता मुका होतो. मी घरी दोन किलो शेंगदाण्याची चिक्की केली. गूळ मुद्दाम जास्त शिजवला, अगदी दगडासारखी झाली पाहिजे म्हणून. ह्यांनी एक तुकडा चाखला आणि दुपारपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मी खूश झाले.

जानेवारी संपत आला होता. त्या दिवशी समुद्र एकदम सपाट, वारा नाही, ऊन कोवळं. किनाऱ्यावरची सुरूची झाडं मागे बारीक होत गेली. मी आदल्या दिवशीच पाटकरांशी भांडून स्पीकर घरी ठेवायला लावला होता. मावशी नेहमीसारखी चपला काढून, होडीच्या तोंडाला हात लावून, मागे तांडेलाच्या पायाशी. आत खोल गेल्यावर मी उठून डबा फिरवला. वाटताना इतकी गोड बोलले की सावंतकाकूला संशय आला असावा. पण घेतली सगळ्यांनी.

आणि काय सांगू, शांतता झाली! तीस माणसं नुसती जबडे हलवत बसली. फक्त इंजिनाची फटफट आणि पाण्याचा चळक चळक आवाज. तांडेलानं माझ्याकडे बघून चक्क मान डोलावली. मी मावशीकडे पाहिलं, ती पदर कानामागे सारून पाण्याकडे कान देऊन बसली होती. पापलेट ताजा आहे का हे बघताना बसते तशी, एकाग्र. मला वाटलं, आज. आजच.

तेवढ्यात सावंतकाकू किंचाळली.

तिच्या दाढेवरची टोपी चिक्कीबरोबर निघून आली होती. आली ती आली, तोंडातून उडून होडीत पडली आणि फळ्यांच्या मध्ये कुठेतरी घरंगळली. "माझी टोपी! माझी टोपी!" ती उठली, शेजारचे उठले, कोणी वाकलं, कोणी मोबाईलचा टॉर्च लावला, भर सकाळी! पाटकरांनी शिट्टी फुंकली. कोणी म्हणालं समुद्रात पडली, कोणी म्हणालं गिळली असेल. मावशीची एवढी मुश्किलीनं जमवलेली शांतता माझ्याच चिक्कीनं मोडली होती आणि माझा जीव नुसता तळतळत होता. इंजिन बंद झालं. मला वाटलं तांडेलानं टोपी शोधायलाच बंद केलं असावं. मी होडीच्या मधोमध उभी राहिले, समुद्राकडे पाठ करून, तोंड त्या लोकांकडे करून, आणि दवाखान्यात कधी ओरडले नसेन इतक्या जोरात ओरडले, "गप्प बसा! एक शब्द नको! कोणी हलू नका! माणसं आहात की कोण आहात!"

बराच वेळ ओरडले. मला थांबताच येईना. त्या एका थंडीचा सगळा वैताग, पळस्प्याची मिसळ, वरातीची गाणी, गाठी-शेव, सगळं त्यातून बाहेर पडलं. दम लागला तेव्हा थांबले. टोपी तोवर पाटकरांच्या बुटाखाली सापडली होती.

मागे वळले तर मावशी तशीच बसलेली, होडीच्या कडेला एक हात, आणि तोंड, गजरा, पदराची कड, सगळं ओलं. मला वाटलं रडते आहे.

तांडेल हसत होता. तीन खेपांत पहिल्यांदा. "बाय, तुमच्या पाटीमागंच व्हता," म्हणाला. "पिल्लू घेऊन. म्हनून तर मशीन बंद केलं. दोनदा आला, यांच्या हाताशी."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. कळलं तेव्हा मी मटकन खाली बसले. तीस माणसं होती होडीत, सगळी माझ्याकडे बघत होती, कारण मी ओरडत होते. आणि मी त्यांच्याकडे बघत होते. मावशीच्या पायाशी सरकत गेले आणि विचारलं, "मावशी, ऐकू आला? श्वास?"

"नाय."

"अजिबात?"

"तू वरडत व्हतीस ना गो."

असं वाटलं की याच पाण्यात उडी टाकावी. तीन वेळा हिला आणलं, जगाशी भांडले, आणि जो एक आवाज तिला ऐकायचा होता तो मीच बुडवला. मी रडायलाच लागले. तर मावशीनं तिचा ओला, खारट, माशांच्या खवल्यांनी खरबरीत झालेला हात माझ्या गालाला लावला.

"आयकला नाय. पन आंगावर आला. ह्ये बग, तोंडावर आला. ऊन व्हता बाय. पानी गार आन श्वास ऊन. आन वास! मासली खाऊन निजलेल्या मान्साचा येतो ना सकालच्या पारी, बाजूला, तसा." तिनं पाण्याकडे पाहिलं. "म्हातारा खरा बोलत व्हता. मी त्याला सगल्यांच्या म्होरं खोटारडा बोल्ले."

ती पनवेलपर्यंत तोंड पुसायला तयार नव्हती. मीठ सुकून गालांवर पांढरं आलं तरी नाही. बसमध्ये मागे भेंड्या चालल्या होत्या आणि पहिल्यांदाच मी कोणाला गप्प बसा म्हटलं नाही. पळस्प्याला बस पुन्हा थांबली. चहाला! घर दहा मिनिटांवर असताना! तरीही नाही म्हटलं.

आता हे सगळं आठवायचं कारण नुसता पाटकरांचा फोटो नाही. काल बाजारात गेले होते. मावशी आता स्टुलावर बसून धंदा करते, गुडघे पार गेले आहेत. शेजारच्या पाटीवाल्या दोघीतिघी तिची चेष्टा करत होत्या. थंडी आली की हे सुरू होतं, कारण थंडी आली की मावशी ती गोष्ट सांगते. कोळीण गाद्याच्या श्वासात न्हाली, माणसासारखा ऊन श्वास. त्यातली एक तरणी, हातात कोयता फिरवत म्हणाली, "काय बी सांगतेस आये! मासला कदी श्वास टाकतो?" बाकीच्या हसल्या. मावशी मामाला म्हणायची अगदी तसंच. मावशीही हसली, पण मी तिला इतकी वर्षं ओळखते. मामा त्या हळदीत असाच हसला असणार.

मग मला राहवतं होय? मी पिशवी खाली ठेवली आणि सगळा बाजार वळून बघेल अशा आवाजात म्हणाले, "टाकतो! माणसासारखा टाकतो! मी होते तिथे!"

आणि मावशी, बोंबलांवरची नजर न काढता म्हणाली, "तू कुटं बगितलंस? तू तर वरडत व्हतीस."

बाजारभर हशा. मी लाल झाले. ही बाई! मी हिच्या बाजूनं उभी राहते आणि हिला खोटी साक्षसुद्धा चालत नाही. मी रागानं पिशवी उचलली तर तिनं माझा पदर धरला आणि मला खाली वाकवलं.

"आयक. तो एकला सांगत व्हता म्हनून खोटा पडला. आता मी एकली सांगते. मी गेल्यावर कोन सांगंल?" तिचं बोट माझ्या छातीला लागलं. "तू जा या वर्साला. मागं बस. पुडं नाय, मागं. आन तोंड मीट. दाताच्या डाक्टरकडं नाय चाललीस तू."

रात्रभर चरफडले. पाटकर, पळस्प्याची मिसळ, सावंतकाकू, कुरवांना गाठी-शेव, हे सगळं पुन्हा? या वयात? सकाळी हे गॅलरीतून म्हणाले, "हे गेलं दिल्लीला." मी मोबाईल उघडला, त्या निळ्या, हसऱ्या, खोटारड्या डॉल्फिनच्या फोटोखाली लिहिलं, 'एक नाव. मागची जागा. इंजिनापाशी.'

पाटकरांचं उत्तर मिनिटात आलं. 'मॅडम, मागून काय दिसणार? आणि या वर्षी चिक्की नको, प्लीज!' त्याखाली सगळ्या सोसायटीचे हसरे चेहरे, सावंतकाकूचे तर तीन. मी उत्तर लिहायला घेतलं. चांगलं लांबलचक झालं, स्पीकरपासून शिट्टीपर्यंत सगळं त्यात आलं. मग ते पुसलं, मोबाईल पालथा ठेवला आणि तोंड मिटून बसले. जमत नाही अजून. पण जायला आठ दिवस आहेत.